आयतवारी बसवलेलं इंजिन

आमची जुनी पिकअप बंद पडली ती कोरगावच्या चढणीवर. मागे नारळ भरलेले होते, शेजारच्या सीटवर कोकमाच्या सोलांची पोती होती आणि गाडीत मी एकटी. आधी बॉनेटखालून वाफ आली, मग लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. मी हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकांना दगड लावले आणि मे महिन्याच्या उन्हात रस्त्याकडेला उभी राहिले. रेडिएटरचा पाइप फुटून सगळं पाणी कधीच गळून गेलं होतं, हे नंतर कळलं.

पेडण्याच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत बॅटरीचा उजेड मारला आणि लगेच मिटलं.

"ब्लॉकला तडा गेलाय, बाय. ह्याचं सामान आता मिळत नाही. भंगारात घाल."

गाडी दुसऱ्या टेंपोला बांधून पार्शाला घरी आणली आणि मागच्या पत्र्याच्या मांगरात, आमच्या शेडमध्ये, ढकलून ठेवली.

ही गाडी बाबांनी पाळी गावच्या एका खाणवाल्या कंत्राटदाराकडून घेतली होती. तिकडे ती डिझेलची पिंपं आणि कामगारांचे डबे खाणीवर पोचवायची. बाबांनी ती पार्शाला आणली तेव्हा तिचा मूळ रंग कुठला हे सांगता येत नव्हतं. पुढे कित्येक वर्षं ती धुतली की दाराच्या फटींतून खाणीच्या मातीचं लाल पाणी यायचं. बाबांनी तिच्यातून लग्नाची भांडी वाहिली, गणपती वाहिले, गावातल्या आजारी माणसांना म्हापशाच्या इस्पितळात पोचवलं. आईलाही तिच्यातूनच नेलं होतं, मागे गादी घालून. आईचं दुखणं लांबलं, त्यात माझं लग्न राहून गेलं, आणि आई गेल्यावर बाबांचे गुडघे गेले. मग गाडी मी चालवायला लागले. पार्शे-कोरगावच्या घराघरांतून नारळ, सोलं, केळी गोळा करायची आणि म्हापशाच्या दुकानांत घालायची, हा माझा धंदा. दुकानदार आधी गाडीचा आवाज ओळखायचे, मग मला.

कागदावर ती बाबांच्याच नावावर राहिली होती. माझ्या नावावर करावी असं मला कधी सुचलं नाही. आमच्या गोव्यात घर-जमीन विकायची झाली तर लेकींच्या सह्या घ्याव्या लागतात, हे मला ठाऊक होतं. गाडीचं तसं नसतं, याचा विचार करायची वेळच आली नव्हती.

दादा माझ्याहून मोठा. डिझेल इंजिनांचा मेकॅनिक. ऐन खाणींच्या दिवसांत पाळीला एका गराजमध्ये लागला, तिकडचीच मुलगी केली आणि तिकडेच राहिला. पुढे खाणी बंद पडल्या, टिपर जागच्या जागी गंजले आणि गराज ओस पडलं. मग कधी कुणाची मळणीची यंत्रं, कधी होड्यांची इंजिनं, कधी कुणाची गाडी चालव, असं त्याचं चाललं होतं. घरी यायचा तो चतुर्थीला, दीड दिवसासाठी. गणपती विसर्जनाला पोचवला की संध्याकाळीच निघायचा. आमच्यात भांडण असं काही नव्हतं. बोलायलाच काही उरलं नव्हतं. बाबा मात्र तो गेल्यावर दोन-तीन दिवस बलकांवावर, दाराबाहेरच्या ओट्यावर, फाटकाकडे तोंड करून बसायचे.

गाडी भंगारात घालायची तर त्याला विचारावं, म्हणून मी फोन केला.

"भंगारात घालू नको हां," तो म्हणाला. "माझ्याकडे एक इंजिन आसा."

पुढच्या आयतवारी सकाळी तो खरोखरच आला. कुणाच्या तरी टेंपोतून, मागे तागाच्या पोत्यांवर आडवं ठेवलेलं इंजिन घेऊन. पाळीच्या उतारावर एक प्रवासी जीप उलटली होती, तिचं. जीपचा चुरा झाला होता, पण इंजिन धडधाकट होतं आणि गिअरबॉक्स त्याला जोडलेलाच होता. गराजवाल्याने घेऊन जा म्हटलं होतं. पाववाला पोदेर नुकताच पोंपों करत गेला होता, त्याचे गव्हाचे पोळे गरम होते. दादाने उभ्या उभ्या चहा प्यायला, शर्ट काढून खुंटीला लावला आणि मांगरात शिरला. बाबा काठी टेकत त्याच्या मागून गेले. ते एवढ्या झपाट्याने चाललेले मी बऱ्याच दिवसांनी पाहिले.

गाडीतून इंजिन काढणं म्हणजे चार बोल्ट सोडणं, असं मला वाटलं होतं. आधी तेल सोडलं, मग रेडिएटर काढला, मग पाइप, मग तारा. दादा प्रत्येक तार सोडताना तिला कापडाची चिंधी बांधायला लावायचा. लाल चिंधी म्हणजे स्टार्टर, निळी म्हणजे दिवे. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या होत्या. विहिरीतले पंप वर काढणाऱ्या माणसाकडून चेन-पुली आणली, लोखंडी पाइपांची तिवई करून ती वर टांगली. पुरा दिवस त्यात गेला. संध्याकाळी साखळी ओढता ओढता इंजिन हळूहळू वर आलं, लोंबकळलं, आणि गाडीचं पुढचं तोंड एकदम उचललं गेलं.

"बघ," दादा म्हणाला. "हलकी झाली."

मला वाटलं होतं, तो एक-दोनदा येईल आणि काम संपेल. पण जीपचं इंजिन आमच्या गाडीला बसता बसेना. ते लांबीने हातभर मोठं होतं. खाली सोडलं की पंखा रेडिएटरला घासायचा. मग पुढची पट्टी कापून रेडिएटर पुढे सरकवायचा ठरला. इंजिन ज्यावर बसतं ते कान जागेवर येईनात. दादाने पुठ्ठ्याचे तुकडे कापून साचे केले, माझ्याकडे दिले आणि मी ते तुये गावातल्या वेल्डरकडे नेले. हा बेळगावकडचा माणूस, बायकोमुलांसह इथेच राहिलेला. त्याने लोखंड कापून जोडून दिलं. ते एका बाजूला बसलं, दुसऱ्या बाजूला बसलं नाही. परत गेले. गिअरबॉक्स बदलल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांब पडला, तो दादाने डिचोलीला लेथवाल्याकडून आखूड करून आणला. असा प्रत्येक आयतवार एका अडचणीत गेला आणि पावसाळा भरात आला. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की पाना मागताना ओरडावं लागायचं.

मी त्याच्या हाताखाली होते. पहिल्या दिवशी मला पान्यांचे आकारही कळत नव्हते. नंतर तो हात पुढे करायचा आणि मी न विचारता बरोबर पाना ठेवायचे. इंजिन बसल्यावर त्याच्या आणि ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्याच्या मधे एक नट राहिला होता, तिथे दादाचा हात जाईना. त्याने तीनदा प्रयत्न केला, बोटं सोलून घेतली.

"बाय, तू बघ गो. तुझो हात बारीक."

मी बॉनेटमध्ये अर्धी आडवी झाले, गाल गार लोखंडाला टेकला, आणि न दिसणाऱ्या नटावर पाना चढवला. दादा वरून सांगत होता, "सावकाश. आता वायच उजवीकडे. हां. आवळ." नट आवळला तेव्हा आम्ही दोघेही हसलो. दोघांच्या नाकावर काळं लागलं होतं. आई असताना परसातल्या आंब्यावर चढून आम्ही असेच हसायचो, तेवढं हसू त्यानंतर आमच्या वाट्याला आलं नव्हतं.

जेवणाला मी आयतवारी बांगड्याचं आंबटतिखट हुमण करायचे, कोळंबी मिळाली तर सुंगटांचं. तिघं कुजनात, चुलीजवळच्या मेजाशी बसायचो. दादा पाळीच्या गोष्टी सांगायचा, त्याचा मुलगा शाळेत काय करतो ते सांगायचा. एकदा मी विचारलं, "चतुर्थीनंतर म्हापशाचे फेरे सुरू करायला होतील ना? दिवाळीच्या नारळांसाठी दुकानदारांना मी शब्द दिलाय."

दादाने भाताचा घास घेतला. बाबा म्हणाले, "गाडी आधी चालू होऊ दे." मग लगेच त्यांनी आमटी मागितली. मी ती वाढली. त्यावेळी मला यात काहीच दिसलं नाही.

चतुर्थीच्या अगोदरच्या आयतवारी गाडी चालू झाली. डिझेलच्या पाइपात हवा अडकली होती. दादा अंगठ्याने पंप दाबत राहिला आणि मी चावी फिरवत राहिले. आवाज नुसता घरघरत होता. मग एकदम इंजिन सुरू झालं, निळा धूर मांगरभर झाला, आणि कोंबड्या ओरडत बाहेर पळाल्या. जुन्या इंजिनचा आवाज खोकल्यासारखा होता. हा भरीव, एकसारखा. बाबांनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

"आता ही चोर्ला घाट चढतली," दादा म्हणाला.

मी स्टीअरिंगला हात लावून बसून राहिले. इंजिनची थरथर हातातून खांद्यापर्यंत येत होती. मला रडू आलं. दादाने ते पाहिलं आणि तो दुसरीकडे बघायला लागला. मला वाटलं, माझं रडणं त्याला सोसवत नाही.

गणपती त्या वर्षी आम्ही आमच्या गाडीतून आणला. मी चालवत होते, दादा मागे मूर्ती धरून उभा, आणि त्याचा मुलगा घंटा वाजवत. वैनी पहिल्यांदाच आमच्याकडे पाच दिवस राहिली. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला फळं बांधायला दादा शिडीवर चढला, मी खालून वर देत होते. नेवऱ्या तळताना वैनी एकदा म्हणाली, "तुम्हां भावाबहिणीचं बघून बरं वाटतं हो." असं म्हणताना तिने माझ्याकडे न बघता कढईकडे बघितलं. हेही मला नंतरच आठवलं.

गणपती पोचवल्यावर दादा म्हणाला की इंजिन बदललं तर आरटीओत त्याचा नंबर नोंदवायला लागतो, नाहीतर पोलीस अडवतात. गाडी बाबांच्या नावावर, म्हणून बाबांना न्यायला हवं. मी बाबांचा पांढरा शर्ट इस्त्री केला. त्यांना उपाशी राहायला लागू नये म्हणून डब्यात पोळे आणि बटाट्याची भाजी दिली. वाटेत तहान लागेल म्हणून बाटली भरली. दोघे आमच्याच गाडीतून गेले. फाटकातून बाहेर पडताना बाबांनी मागे वळून पाहिलं. मी हात केला.

परत बाबा एकटेच आले, बसने. म्हणाले, तपासणीला गाडी ठेवून घेतलीय, दादा घेऊन येईल. दोन दिवसांनी मी फोन केला तर दादा म्हणाला, जरा क्लच बघायचाय, पाळीला नेलीय. पुढच्या आयतवारी तो आला नाही. बाबा जेवताना बोलले नाहीत. मी दुकानदारांना सांगत राहिले, येते, या आठवड्यात येते.

मला सांगितलं ते पेडण्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या नुस्तेकारणीने. ती दर्यावरच्या केरी गावची. माझी पिशवी भरता भरता म्हणाली, "तुमची गाडी बरी दिसता गे आता. निळो रंग काढलो. मासळी काढली दारावर."

"कुठली गाडी?"

"तुमची ती जुनी. आमच्या दर्यार उभी आसा न्हय? भाव तुझो तिथेच आसा." मग माझा चेहरा बघून ती थांबली, आणि न मागता दोन बांगडे जास्तीचे पिशवीत टाकले.

मी पिशवी घरी ठेवायलाही गेले नाही. बाजाराला आलेल्या शेजारणीकडे दिली आणि तिचीच स्कूटर घेऊन केरीला निघाले. तेरेखोलच्या फेरीबोटीकडे जाणारा तो रस्ता मी गाडीतून कितीतरी वेळा केलेला. सुरूच्या झाडांत शिरताना लांबूनच ती दिसली. निळी, पांढऱ्या लाटा काढलेली. मागच्या हौद्याची एक बाजू कापून तिथे फळी बसवलेली, वर झावळ्यांचं छप्पर, फळीवर ग्लास उलटे ठेवलेले. दारावर खरंच एक मासा होता, मोठा, डोळे बटबटीत. आजूबाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या लावायचं काम चाललं होतं. पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायला थोडाच अवकाश होता.

दादा गाडीच्या मागून हात पुसत आला. मला पाहून तो जागच्या जागी उभा राहिला.

"बस गो," तो म्हणाला. "लिंबूसोडा करूं?"

"गाडी इथे काय करते?"

त्याने एका खुर्चीवरची वाळू हाताने झाडली. मी बसले नाही. तो उभ्यानेच बोलत गेला. त्याच्या ओळखीच्या एका माणसाला दर्यावर खाण्यापिण्याचं काहीतरी सुरू करायचं होतं. पक्कं बांधायला परवानगी मिळत नाही, पण चाकांवरची गाडी असली तर चालते. मात्र ती चालती हवी. तपासणीवाले आले की चालू करून वर रस्त्यावर नेता आली पाहिजे. त्या माणसाकडे जागा होती, गाडी नव्हती. दादाने गाडी आणायची आणि भागीदार व्हायचं, असं ठरलं होतं. गाडी आता दादाच्या नावावर होती. आरटीओत त्या दिवशी नुसता इंजिनचा नंबर नोंदवला गेला नव्हता.

"हे कधी ठरलं?"

तो दुसऱ्या खुर्चीवरची वाळू झाडायला लागला.

"दादा, कधी ठरलं?"

"तुझो फोन येऊच्या आधी मी दुसरी गाडी बघी होतंय," तो म्हणाला. "मगे तुझो फोन इलो."

म्हणजे पहिल्याच दिवशी. इंजिन टेंपोतून उतरलं तेव्हाच. मी चिंध्या बांधत होते, वेल्डरकडे फेऱ्या मारत होते, त्याला बांगड्यांतली गाबोळी काढून वाढत होते, तेव्हा ती गाडी केरीची झालेली होती.

"मला सांगायचंस तरी."

"आधी सांगून तू हात लावतलंस?" त्याने विचारलं. आवाज वाढवून नाही, अगदी साधेपणाने, जणू हिशेब चुकीचा असेल तर दाखव असं म्हणत असल्यासारखा. "पाळीला काय उरलां नाय गो, बाय. मुलगो मोठो होत इलो. तुका काय, तू टेंपो भाड्यान घेशीत. तुझो धंदो आसा. माझ्याकडे ह्या दोन हातांशिवाय काय आसा?"

मला त्याची दया यावी अशी ती गोष्ट होती. गराज बंद पडल्यापासून त्याने काय काय केलं ते मला माहीत होतं. त्याने पावसाळ्याच्या पहिल्याच आयतवारी बाजूला बसवून हे सगळं सांगितलं असतं, तर मी रडले असते, भांडले असते, आणि शेवटी बहुधा गाडी दिलीही असती. ते त्याने मला करू दिलं नाही. माझा हात घेतला, मला विचारलं नाही.

मी म्हटलं, "बाबांना काय सांगितलंस? त्यांना फसवून सही घेतलीस?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्याला वाईट वाटलं असावं, माझ्यासाठी.

"बाबांका सगळा खबर आसा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

परतताना मी स्कूटर किती हळू चालवली असेल, मागचे हॉर्न वाजवून पुढे जात होते. दादाचा राग येत होता, पण तो समोर ठेवता येण्यासारखा राग होता. बाबांचं काय करावं ते कळत नव्हतं. मी रोज त्यांचे गुडघे चोळते. त्यांच्या गोळ्या मी देते. इतके महिने रोज माझ्यासमोर बसून त्यांनी चहा प्यायला होता.

ते बलकांवावर होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना समजलं. मी समोरच्या सोप्याच्या दगडी बाकावर बसले. चपलांतली वाळू खाली पडली.

"केरीला गेले होते," मी म्हटलं.

"हां."

"तुम्हांला माहीत होतं."

"हां."

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं होतं ते म्हणतील, तो मुलगा आहे, त्याला संसार आहे, तुला एकटीला काय लागतं. तसं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते म्हणाले, "तुका सांगलां असतां तर काम बंद पडलां असतां. आणि तो येऊचो बंद झालो असतो."

"म्हणजे?"

"दर आयतवारी येय होतो," बाबा म्हणाले. "दोघां मांगरात. मी हंयसून ऐकी होतंय. तू त्याका पाना दी होतंस. तुझी आवय गेल्यापासून घरात असो आवाज नव्हतो." त्यांनी काठी बाजूला टेकवली. "माका माहीत होतां, इंजिन चालू झालां की संपला. तरी म्हटलां, तितके दिस तरी."

मी उठून आत गेले. चूल पेटवायची होती, पेटवली नाही. जनेलातून मांगर दिसत होता, रिकामा, जमिनीवर तेलाचा काळा डाग आणि बाजूला टायरवर ठेवलेलं आमचं जुनं फुटकं इंजिन. बाबांनी जे सांगितलं ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. त्यांना मुलाचे आयतवार हवे होते आणि ते त्यांनी माझी गाडी देऊन मिळवले. मी तर रोजचीच होते. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी त्याच घरात होते, पण ते कुणी ऐकत बसलं नव्हतं.

त्या रात्री त्यांना मी पेज वाढली. गोळ्या दिल्या. त्यानंतर बरेच दिवस आमच्यात जेवण, औषध, वीजबिल एवढंच बोलणं होतं. दिवाळीचे नारळ मी भाड्याच्या टेंपोतून नेले. तो टेंपोवाला वेळेवर कधी आला नाही. एका दुकानदाराने दुसरीकडून माल घेतला आणि मला ओशाळून सांगितलं. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे.

हिवाळ्यात मी एक जुनी तीनचाकी मालगाडी घेतली. घेण्याआधी स्वतः इंजिनचं झाकण उघडून बघितलं, तेलाची कांडी काढून वास घेतला, इंजिन थंड असताना चालू करायला लावलं. विकणारा म्हणाला, "बाय, तुमचे कोण मेकॅनिक आहेत काय?" मी म्हटलं, नाही. कागदावर नाव माझं घातलं. ती चढणीवर धापा टाकते, नारळ निम्मेच मावतात, पण दोन फेऱ्या मारून मी काम भागवते.

केरीचा गाडा बरा चालला म्हणतात. मी परत गेले नाही. त्या नुस्तेकारणीकडून कानावर यायचं, आज तपासणीला आले होते, तुझ्या भावाने गाडी वर नेली, ते गेल्यावर परत खाली आणली. घाट चढेल म्हणून आम्ही बसवलेलं इंजिन वाळूतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून वाळूत एवढंच चालत होतं.

मे संपता संपता दर्यावरचं सगळं आवरावं लागतं. एका सकाळी फाटकात हॉर्न वाजला. मी न बघता ओळखला. निळी गाडी उभी होती, झावळ्यांचं छप्पर काढलेलं, मासा उन्हाने फिका पडलेला. दादा खाली उतरला आणि फाटकाच्या पलीकडेच थांबला.

"पावसात खंय ठेवू?" तो म्हणाला. "खाऱ्या वाऱ्यान सडतली. चार महिने मांगरात राहू दी."

बाबा बलकांवावरून उठले होते. माझ्याकडे बघत होते, दोघेही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं, आणि तेही जागा हवी होती म्हणून.

मांगर माझ्या मालाने भरलेला होता. सोलं वाळत घातलेली, नारळांचा ढीग, माझी तीनचाकी. मला नाही म्हणता आलं असतं. मी अर्धा दिवस खपून नारळ ओसरीत हलवले आणि एक बाजू मोकळी केली. दादा मदतीला पुढे आला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे. मी करते." गाडी आत आली. मी माझ्या तीनचाकीत आणि तिच्यात पत्र्याचा एक पडदा टांगला.

जाताना दादा म्हणाला, "आठवड्यात एकदां चालू कर गो. नाय तर बॅटरी बसतली, इंजिन पकडतला."

"ते तू कर," मी म्हटलं. "तुझी गाडी."

म्हणून आता तो पाळीहून परत आयतवारी येतो. गाडी चालू करतो, बॉनेट उघडतो, काहीतरी पुसतो, काहीतरी आवळतो. बाबा मांगराच्या दारात खुर्ची घेऊन बसतात. मी बांगडे सकाळीच साफ करून, हुमण करून, झाकून ठेवते. दोघांची ताटं मेजावर मांडते. आणि पोदेर यायच्या आत माझी तीनचाकी काढून डिचोलीला निघते. तिथल्या दोन दुकानांना केळी आयतवारीच लागतात, असं मी घरी सांगितलंय. त्यांना ती शनिवारीसुद्धा चालली असती.